वाचकांचे प्रश्न : अवघड स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरची निवड

प्रश्न : हॉल १६ बाय १२ फुटांचा, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर. स्पीकर ८६ डेसिबलचे, ४ ओहमचे. माहितीपत्रकात 'किमान ३ ओहम' असे लिहिले आहे. नाशिक ढोलाचे रेकॉर्डिंग मोठ्याने लावले की आवाज आवळतो, कर्कश होतो. दोन महागडे अ‍ॅम्प आठवडाभर घरी ठेवायला मिळणार आहेत. एक ८ ओहमला १५० वॅट आणि ४ ओहमला २०० वॅटचा. दुसरा ८० आणि १५५ वॅटचा. दुकानात पहिला सरस वाटला. घरी तुलना कशी करावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी हिशेब करू. २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८६ डेसिबल. ३ मीटरवर साधारण साडेनऊ डेसिबल घटतात. दुसरा स्पीकर आणि खोली मिळून सहाएक परत देतात. म्हणजे तुमच्या खुर्चीत साडेब्याऐंशी. ढोलाची थाप १०० डेसिबलपर्यंत न्यायची तर व्होल्टेज साडेसातपट, म्हणजे २१ व्होल्ट लागते. ४ ओहमला हे ११२ वॅट झाले. पण स्पीकरचे ओहम स्वरागणिक बदलतात, आणि ज्या स्वरांना तो ३ ओहमपर्यंत उतरतो तिथे ७ अँपिअर आणि लाटेच्या टोकाला १० अँपिअर द्यावे लागतात. तिथेच फेज कोनही (व्होल्टेज आणि करंटच्या लाटा एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते) मोठा असेल, तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर प्रत्यक्षाच्या निम्मेच ओहम असल्यासारखा ताण येतो. मग संरक्षण सर्किट करंट आवळते. तुम्हाला ऐकू येणारा कर्कशपणा बहुधा हाच.

आता आकडे पाहा. २१ व्होल्ट दोन्ही अ‍ॅम्प देतील. ओहम निम्मे झाले की वॅट जवळजवळ दुप्पट व्हायला हवेत. पण १५० चे २०० च होणारा अ‍ॅम्प ४ ओहमलाच दमायला लागतो. ८० चे १५५ होणाऱ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट विभाग भारापुढे ताठ उभा राहतो. २ ओहमचा आकडा छापलेला असेल तर तो आवर्जून बघा. मोठ्या वॅटच्या आकड्यापेक्षा, ओहम उतरल्यावर वॅट किती वाढतात याला जास्त किंमत द्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

दुकानात पहिला सरस का वाटला? बहुतेक तो जास्त मोठ्याने वाजत होता. एकाचे गेन (सिग्नल किती वाढवतो ते) २६ डेसिबल आणि दुसऱ्याचे ३२ असेल, तर नॉब एकाच जागी असूनही व्होल्टेज दुप्पट होते. अर्धा डेसिबल फरक तर कानाला 'मोठा' म्हणून कळतच नाही. 'मोकळा', 'खोल' म्हणून कळतो. म्हणून पहिले काम पातळी जुळवण्याचे, आणि तेही कानाने नाही, मीटरने. मोबाइलचे आवाज मोजणारे अ‍ॅप इथे चालत नाही. हात वीतभर हलला तरी आकडा बदलतो.

२०० हर्ट्‌झचा सलग सूर वाजवा (स्वस्त मल्टिमीटरची एसी अचूकता ४०० हर्ट्‌झच्या पुढे भरवशाची नसते). मीटरच्या पिना थेट स्पीकरच्या टर्मिनलवर लावून पहिल्या अ‍ॅम्पवर २.०० व्होल्ट आणा. दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत हवे. हा फरक ०.१ डेसिबलच्या आतला. नॉब टप्प्याटप्प्याने फिरत असेल आणि इतके बारीक जुळत नसेल, तर उरलेला फरक प्लेअरच्या डिजिटल व्हॉल्यूमने काढा. डावा-उजवा दोन्ही तपासा. नॉबच्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावून खूण करा.

दोन अ‍ॅम्प एकाच स्पीकरला एकाच वेळी कधीही जोडू नका. स्विच बॉक्स वापरणार असाल तर तो लाल आणि काळी दोन्ही तार तोडणारा, आणि आधी तोडून मग जोडणारा हवा. अनेक क्लास डी (झपाट्याने चालू-बंद होणारे) आणि ब्रिज (दोन्ही तारांवर सिग्नल देणाऱ्या रचनेच्या) अ‍ॅम्पमध्ये काळे टर्मिनल 'अर्थ' नसते, त्यावरही सिग्नल असतो. दोन अ‍ॅम्पची काळी टर्मिनले जोडली गेली की आउटपुट विभाग जळू शकतो. बॉक्स नसेल तर अ‍ॅम्प बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग प्लग बदला. घाईत एकाच स्पीकरची लाल-काळी उलटली तर खर्ज गायब होतो, आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्पला जातो.

दोन्ही अ‍ॅम्प अर्धा तास तापू द्या. तुकडा २०-३० सेकंदांचाच, आणि दर वेळी तोच. तानपुरा आणि संथ आलापात करंटची परीक्षा होत नाही. ढोल, पखवाज किंवा पूर्ण वाद्यवृंद लावा, थोडा वेळच, शेजारी घरात नसताना. कोणता अ‍ॅम्प चालू आहे हे घरातल्या कुणीतरी चिठ्ठी टाकून ठरवावे, तुम्हाला दिसू नये. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलात तर तो फरक खरा धरा. नुसत्या अंदाजाने इतके जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. आधी हळू आवाजात करा, मग मोठ्या. हळू आवाजात ओळखता आले नाही तर नवल नाही.

दोन्हींवर ढोल तितकाच कर्कश राहिला, तर खोलीकडे वळा. टाइल्सची फरशी आणि बाल्कनीची सरकती काच टाळीच्या आवाजावर खणखणते का पाहा. स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड सतरंजी आणि काचेवर जाड पडदा टाकून पुन्हा ऐका.

प्रश्न : अशाच स्पीकरवर व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प चालेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : चालेल, पण आवाजाचा रंग बदलेल. अशा अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स (त्याचा स्वतःचा आतला अडथळा) २ ओहम धरा. स्पीकर ३ ओहमपासून २० ओहमपर्यंत फिरत असेल, तर त्या दोन जागांच्या पातळीत साडेतीन डेसिबल फरक पडतो. तो गोडवा आवडू शकतो. मात्र २०० हर्ट्‌झला जुळवलेली पातळी मग इतर स्वरांना लागू पडत नाही. ४ ओहमचा टॅप (मागे '४ ओहम' लिहिलेले टर्मिनल) वापरा. आणि सुरू असताना स्पीकरची तार काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न : मोठा अ‍ॅम्प सुरू करताना एमसीबी पडतो. संध्याकाळी व्होल्टेजही २०७ पर्यंत उतरते. स्टॅबिलायझर घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो. बी प्रकारचा एमसीबी (मीटरपेटीतला आपोआप पडणारा स्विच) त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या ३ ते ५ पटीला पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. इलेक्ट्रिशियनकडून तितक्याच अँपिअरचा सी प्रकार बसवून घ्या. अँपिअर वाढवू नका, भिंतीतली वायर तापेल. २३० चे २०७ झाले तर साध्या पॉवर सप्लायच्या अ‍ॅम्पची ताकद १९ टक्के घटते, म्हणजे १ डेसिबलही नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर नको. गुणगुण येत असेल तर प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर घ्या. अर्थची पिन मात्र काढू नका.