काटोलच्या दुकानात दुरुस्त होईल का?

सामान लादून सायकलवर लांब जाणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना नागपूरच्या महाल भागात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या ताई उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, आम्ही दोघे मित्र डिसेंबरात काटोल, वरूड, मोर्शी, परतवाडा करत चिखलदऱ्याला जाणार आहोत. सामान सायकलवरच. माझं बजेट ५०,००० आहे. दुकानदार पुढे सस्पेन्शनवाली एमटीबी (डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल) घ्या म्हणतो, मित्र म्हणतो ग्रॅव्हल बाइकच (वाकड्या हँडलची, कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल) घे. डोकं फिरलं आहे. (एक वाचक, प्रताप नगर)

उत्तर : दोघांनाही जरा बाजूला ठेवा. सायकलपुढे उभं राहून तिच्या एकेका भागाकडे बोट दाखवा आणि स्वतःला विचारा, हे काटोलच्या दुकानात दुरुस्त होईल का? मी काटोल म्हणते. तुम्ही मोर्शी म्हणा, नरखेड म्हणा. अशा गावातल्या सायकलवाल्याकडे काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण आम्ही सगळे माल एकाच जातीच्या ठोक दुकानांतून उचलतो. २६ इंची ट्यूब, ब्रेकची तार, छर्रे, ग्रीस, सोल्युशन, दोन-चार मापांचे स्पोक एवढं मिळेलच. बारीक फ्रेंच वॉल्व्हची ट्यूब, ११ गियरच्या चेनचा जोड, डिस्कचे पॅड आणि गियर हँगर, म्हणजे मागचा गियर फ्रेमला धरणारा छोटा तुकडा, मिळणार नाहीत. म्हणजे हे चार तुमच्या पिशवीत हवेत, नाहीतर सायकलच अशी घ्यायची की यांची गरज कमी पडेल.

आता पुढचं सस्पेन्शन. तुमच्या बजेटात पुढचं चाक धरणारा जो स्प्रिंगचा चिमटा येतो तो दोन-अडीच किलोचा असतो. चढावर पायाचा काही जोर तोच पितो, आणि त्याच्या सीलमधून धूळ आत गेली की वर्षभरात नुसता शोभेचा राहतो. शिवाय त्याला पाण्याची बाटली अडकवायला भोकं नसतात. साधा ताठ चिमटा घ्या. दोन्ही बाजूंना नटबोल्टची भोकं असतील तर उत्तम. रस्त्याचे धक्के रुंद टायरने खायचे: ४० मिमीच्या खाली जाऊ नका, ४५-५० मिळालं तर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. चिखलदऱ्याचा सगळा रस्ता डांबरी आहे, पण आपल्याकडचं डांबर कसं असतं ते मी काय सांगू.

खरा निकाल घाटात लागतो. परतवाडा सोडलं की चढण सुरू होते, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. दुकानात सगळे मोठ्या गियरचे आकडे सांगतात. तुम्ही सगळ्यात हलक्या गियरचा हिशोब करा. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्याचे. २२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तर सायकल ताशी पाचेक किलोमीटरने चढते. हळू वाटतं, पण दहा-बारा किलो सामान मागे असताना तेवढंच जमतं. रेसिंगच्या सायकलीत हा आकडा १.२ च्या आसपास असतो, म्हणजे त्याच पेडलला ताशी साडेनऊ चढावं लागेल. तुम्ही उतरून ढकलणार. मी १ च्या वरची सायकल सामानासाठी घेऊच देत नाही; गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल. पुढे एकच चक्र असलेल्या ग्रॅव्हल सायकलीही आता खूप आहेत, त्यातल्या ४० आणि ४२ दातांच्या जोडीचा हिशोब ०.९५ येतो. जमेल, पण जेमतेम.

फ्रेम लोखंडी मिळाली तर बघा, आणि कॅरिअर तर लोखंडीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतं, मान्य, पण ते तुटलं तर साध्या वेल्डिंगवाल्याला जोडता येत नाही. लोखंडी कॅरिअर ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा माणूस चहा पिता पिता जोडून देतो, आणि असा माणूस वरूडच्या रस्त्यावर दर दहा किलोमीटरला भेटेल. ब्रेक तारेवर चालणारा डिस्क घ्या. तेलावरचा डिस्क वाईट नाही, पण त्यात दोन वेगळ्या जातींची तेलं असतात आणि एकात दुसरं गेलं की आतले रबर फुगून ब्रेक कामातून जातो. ही भानगड मोर्शीच्या रस्त्यावर कशाला?

आणि रिमचं भोक बघा. मोटारसायकलीसारखा जाड वॉल्व्ह बसायला साडेआठ मिमीचं भोक लागतं, बारीक वॉल्व्हचं साडेसहाचं असतं. मोठ्या भोकात वॉशर घालून बारीक वॉल्व्ह चालवता येतो, उलटं होत नाही. जाड वॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा मारता येते. फक्त कॉम्प्रेसरवाल्या पोराला बाजूला करून स्वतः थोडी थोडी मारा. आणि अगदीच अडलं तर २९ इंची टायरातही २६ ची ट्यूब ताणून बसते. पुढच्या मोठ्या गावापर्यंत पोचवते.

प्रश्न : बाबांची जुनी काळी सायकल घरी आहे. तीच दुरुस्त करून दोन दिवसांत वर्ध्याहून पवनार, नागपूर करत रामटेकला जायचं मनात आहे. लोक हसतात. (एक वाचिका, वर्धा)

उत्तर : हसू द्या. वरच्या परीक्षेत ही सायकल सगळ्यांत जास्त गुणांनी पास होते. फक्त टायर घेताना फसू नका. हिचं चाक २८ × १½ चं, टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ६३५ लिहिलेलं असतं. आजकालच्या २८ इंची म्हणवणाऱ्या चाकावर ६२२ असतं. तेरा मिमीचा फरक आहे, एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. दुकानदार ‘अठ्ठावीसच आहे ना’ म्हणेल. तुम्ही आकडा वाचून घ्या.

पेडलचे दांडे घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना दोन्ही नव्या टाका, जुन्या ठोकून बसवू नका. सळईचे ब्रेक पावसात स्टीलच्या रिमवर जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून हा प्रवास पाऊस संपल्यावर. मागचं फ्रीव्हील बहुतेक १८ दातांचं असेल. २० किंवा २२ चं बसवून घ्या, चढावर पाय वाचतात. वेग थोडा जाईल. तुम्हाला दोन दिवस आहेत, घाई कोणाला आहे? मुक्काम नागपुरात केला तर माझ्या दुकानात चाकं बघून देईन. रामटेकच्या टेकडीवर मात्र सायकल खालीच लावा आणि पायऱ्यांनी चढा.

प्रश्न : पांदण रस्त्याने गेलो की पंक्चर ठरलेलंच. ट्यूबलेस करून घेऊ का? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : पांदणीच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यानं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेलं असतं, काटे रस्त्यावर सांडणारच. त्यात सराटे. बाभळीचा काटा टायरात शिरून मोडतो आणि टोक आतच राहतं. लोक ट्यूब जोडतात, टायर तसाच चढवतात आणि अर्ध्या तासात पुन्हा बसतात. टायर आतून सुती फडक्यानं पुसून काढा. जिथे फडकं अडेल तिथे टोक आहे. बोट फिरवू नका, मी रोज फिरवते ते सोडा.

ठिगळाचं सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटं थांबायचं, वरची ओली चमक जाईल इतकं वाळू द्यायचं. ओलं असताना दाबलेलं ठिगळ उन्हात निघतं. उघडलेली सोल्युशनची नळी महिन्याभरात आतल्या आत वाळते, म्हणून प्रवासाला नेहमी न फोडलेली न्या.

ट्यूबलेस आपल्या भागाला खरंच चांगलं आहे. आतलं रबरी दूध काट्याची भोकं स्वतःच बंद करतं, तुम्हाला कळतही नाही. पण नागपूरच्या उन्हाळ्यात ते दूध झपाट्यानं वाळतं. कंपनीवाले तीन-चार महिने सांगतात. मी एप्रिलनंतर दर दोन महिन्यांनी वॉल्व्ह काढून आत सळई घालून बघायला सांगते. ओली निघाली तर ठीक. आणि ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब जवळ हवीच. कडेला टायर चिरला तर दूध काही करत नाही. अशा वेळी ट्यूब टाकण्याआधी टायरात महिनोन्‌महिने रुतून बसलेले सगळे काटे पक्कडीनं उपटा. ट्यूबलेसमध्ये ते गुपचूप बसलेले असतात, ट्यूब दिसली की सगळे एकदम जागे होतात. उमरेडच्या एका गिऱ्हाईकाच्या टायरातून मी वाटीभर काटे काढले आहेत, आणि तो म्हणत होता मला कधी पंक्चरच होत नाही.

प्रश्न : जुलैत शेतातल्या रस्त्यानं गेलो, चाकं फिरेनात. काय करायचं? (एक वाचक, उमरेड)

उत्तर : काळ्या मातीत पावसात जायचं नाही, हे पहिलं उत्तर. गेलातच तर पेडल मारू नका. माती चिमट्यात आणि मागच्या गियरच्या जागी थापली जाते, तुम्ही जोर लावता आणि गियर स्पोकमध्ये ओढला जाऊन हँगर तुटतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून सायकल घेतानाच दोन जादा घ्या. उतरा, सायकल उचला, कडेच्या गवतावरून चाला. मडगार्ड असतील तर पावसाळ्यात काढून ठेवा किंवा टायरपासून निदान बोटभर अंतर ठेवा. एक चपटी काडी कॅरिअरला बांधलेली असू द्या, माती खरवडायला. पावसाळ्यात मन होतच असेल तर मुरमाचे रस्ते शोधा, रामटेककडे तसे बरेच आहेत.

प्रश्न : बाइकपॅकिंगच्या, म्हणजे सायकलच्या फ्रेमला, सीटला, हँडलला बांधायच्या बॅगा फार महाग आहेत. स्वस्तात काही? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : आहे न. सायकलच्या त्रिकोणाचा पुठ्ठा कापा, तो घेऊन मोटारसायकलची सीट कव्हरं शिवणाऱ्या कारागिराकडे जा. जाड ताडपत्री, चांगली चेन, चार-पाच वेलक्रोचे पट्टे. पुठ्ठा त्रिकोणापेक्षा चहूबाजूंनी बोटाच्या रुंदीएवढा लहान ठेवा, नाहीतर भरल्यावर बॅग फुगून गुडघ्याला घासते. वॉटरप्रूफ होणार नाही, शिवणीतून पाणी येतंच. आतले कपडे जाड प्लास्टिक पिशवीत ठेवा.

या त्रिकोणात जड वस्तू: पाणी, हत्यारं, तंबूच्या दांड्या. सीटखाली लोंबणाऱ्या लांब बॅगेत फक्त कपडे आणि झोपायचं सामान. तिथे जड घातलं की उतारावर सायकल मागून शेपूट हलवते. हँडलला रोल बांधणार असाल तर ब्रेकच्या तारा दबत नाहीत ना, ते हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. बरेच जण बघत नाहीत.

कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी पान्यानं तपासा. खडखडाटानं ते सुटतातच. आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब लावलात तर लवकर सुटत नाहीत, आणि तेच दोन-तीन बोल्ट पिशवीत जादा ठेवा. पाच मिमी जाडीचे असतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

प्रश्न : चेनला कोणतं तेल? घरी इंजिनचं जळकं ऑइल आहे. (एक वाचक, कामठी)

उत्तर : ते ठेवा दाराच्या कड्याला, आणि खरं तर तिथेही नको. जळक्या तेलात लोखंडाचा बारीक चुरा असतो, चेनच्या आत तो कानशीसारखं काम करतो. खोबरेल तेल लावणारेही येतात, थंडीत चेन लाटेसारखी गोठलेली असते.

डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, कोरडी पुसा, वाळू द्या. मग एकेका जोडावर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळच ओढतं. आपल्या उन्हाळ्याला मेणाचं कोरडं वंगण बरं.

चेन बदलायची वेळ स्टीलच्या इंचपट्टीनं कळते. पट्टीचा शून्य एका पिनेवर धरला, तर नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचावर येते. चोविसावी पिन पट्टीच्या पुढे १/१६ इंच गेली की चेन बदला. १/८ गेली तर मागची चक्रंही घासलेली असतात, आणि तो खर्च चेनच्या कितीतरी पट आहे.

प्रश्न : मे महिन्यात उन्हात सायकल उभी केली तर टायर फुटतो म्हणतात. हवा कमी करू का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : २५ अंशाला ५० पीएसआय भरलेला टायर ६५ अंशापर्यंत तापला तरी ५८ च्या आसपास जातो. चांगला टायर एवढ्यानं फुटत नाही. फुटतो तो कडेला तडे गेलेला जुना टायर, किंवा ट्यूब रिमच्या कडेत चिमटली असेल तर. ते तपासा. मे महिन्यात दुपारी बारा ते चार चालूच नका, हे टायरापेक्षा तुमच्यासाठी. आणि ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत अख्खी ओतू नका.

प्रश्न : समृद्धी महामार्गानं सायकलवर जाता येईल का? (एक वाचक, बुटीबोरी)

उत्तर : नाही, तो सायकलींना आणि मोटारसायकलींनाही बंद आहे. अमरावतीकडे जायचं तर जुना राष्ट्रीय महामार्ग ५३, कोंढाळी-तळेगाववरून. ट्रक भरपूर असतात, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा आणि कोंढाळीच्या पुढचा पट्टा सकाळी लवकर ओलांडा.