रणगाड्याचं स्केल मॉडेल जोडून रंगवलं, पण ते खेळण्यासारखंच दिसतंय. धूळ, चिखल आणि गंज खरा वाटेल असा कसा दाखवायचा?

तुम्ही लिहिलंय की सेंच्युरियनचं १:३५ मापाचं किट आणलं, ते भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटच्या १९७१ मधल्या रणगाड्यासारखं करायचं आहे, हिरवा रंग दिला, मग व्हिडिओ बघून सगळीकडे तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग) फिरवला आणि कडांना चंदेरी रंग घासला. एअरब्रश नाही, आणि वेदरिंगच्या, म्हणजे धूळ-चिखल-झीज दाखवण्याच्या, परदेशी बाटल्या परवडत नाहीत. तुमचं साहित्य कमी पडलेलं नाही. तुमच्या मॉडेलवरची घाण कुठून आली हे ठरलेलं नाही, म्हणून ते खेळणं वाटतं. खऱ्या गाडीवरच्या प्रत्येक डागाला कारण असतं. सगळीकडे सारखी घाण असली की डोळ्याला लगेच खोटं कळतं.

तुम्ही निवडलेला रणगाडा यासाठी फार चांगला आहे, कारण त्याचा दिवस आणि जागा ठाऊक आहे. १६ डिसेंबर १९७१, पाकिस्तानातल्या शकरगड भागातली बसंतर नदी. १५ तारखेच्या रात्री पायदळाने नदीपलीकडे जागा धरली, इंजिनिअर्स सुरुंग काढत होते, आणि ते काम पुरतं संपण्याआधीच १७ पूना हॉर्सचे सेंच्युरियन सुरुंगक्षेत्रातून पलीकडे गेले. त्यातच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' होता. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र. त्यांचा तो रणगाडा आज अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. मॉडेल करताना हे मनात असलं की हात आपोआप जपून चालतो, निदान माझा तरी.

आता या माहितीचा रंगकामाशी संबंध बघा. हिवाळा आहे, जमीन पंजाबच्या गाळाची, म्हणजे फिकट, राखाडीकडे झुकणारी तपकिरी. आपली देशावरची काळी माती किंवा कोकणातला लाल जांभा इथे चालणार नाही. नदीचं पात्र ओलांडलंय, म्हणजे खाली ओलसर चिखल आणि वर कोरडी धूळ. सुरुंगक्षेत्रातून काढलेल्या अरुंद वाटेने गाड्या एकामागोमाग जातात, तेव्हा मागच्या गाडीच्या तोंडावर पुढचीची धूळ बसते. एवढं ठरलं की अर्धं वेदरिंग झालं.

दुसरी गोष्ट माप. सेंच्युरियन सुमारे ३.४ मीटर रुंद, म्हणजे मॉडेलवर साधारण ९७ मिलिमीटर. उलटा हिशोब जास्त उपयोगी : मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. ब्रशच्या टोकाने तुम्ही जो 'छोटासा' टवका काढता, तो खऱ्या रणगाड्यावर तळहाताएवढा निघालेला असतो. अंगणातली वाळू चिकटवाल तर अर्ध्या मिलिमीटरचा कण तिथे पावणेदोन सेंटिमीटरची खडी होतो. म्हणून माती वापरायचीच असेल तर वस्त्रगाळ करून वापरा. (१:३५ हे माप कुठल्या गणितातून आलेलं नाही. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला. तो साधारण १:३५ भरला आणि पुढे जगभर तेच माप रूढ झालं.)

जोडणीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ती तुमची झालेली आहे. पुढच्या किटसाठी लक्षात ठेवा. भाग साच्यातून निघाल्यावर त्यावर पुसटशी आडवी रेघ राहते, ती तोफेच्या नळीवर आणि चाकांवर हमखास दिसते. ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ती घालवली नाही तर वॉश तिच्यातच जाऊन बसतो आणि प्लॅस्टिक उघडं पडतं. भाग डिशवॉशच्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच रंग द्या, साच्याचा तेलकटपणा जातो. टरेट (तोफेचा फिरता घुमट), खालचं धड, चाकं, ट्रॅक (चाकांवरचे पोलादी पट्टे) आणि बाजूचे स्कर्ट (चाकं झाकणारे पत्रे) वेगवेगळे ठेवून रंगवा. सेंच्युरियनचे स्कर्ट आधी चिकटवले तर आतल्या चाकांपर्यंत ब्रश पोचतच नाही.

रंग आहे त्यापेक्षा थोडा फिका हवा. दुरून पाहिलेल्या मोठ्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकटतो, आणि आपण मॉडेल हातभर अंतरावरून बघतो. बाटलीतला ऑलिव्ह हिरवा जसाच्या तसा दिला की मॉडेल काळपट दिसतं, वर वॉश चढला की आणखी काळं. आता पुन्हा रंगवायची गरज नाही. त्याच हिरव्यात थोडा पिवळसर बदामी मिसळा, भरपूर पातळ करा आणि वरच्या आडव्या पृष्ठभागांवर, म्हणजे टरेटचं छप्पर, इंजिनचं झाकण, मडगार्ड यांच्या मधल्या भागात दोनतीन पातळ हात द्या. ऊन वरून पडतं, म्हणून वरचा रंग उडतो. फिका करताना पांढरा टाळा, हिरवा खडूसारखा दिसायला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेदरिंग म्हणजे थरांचं काम, आणि प्रत्येक थर वेगळ्या द्रावकात विरघळणारा हवा, नाहीतर वरचा थर खालच्याला उचलून आणतो. मूळ रंग अॅक्रिलिकचा. तो पूर्ण वाळू द्या, शक्यतो रात्रभर. त्यावर अॅक्रिलिकचंच चकचकीत व्हार्निश. चकचकीत पृष्ठभागावर डिकॅल (किटमधली चिकटवायची चिन्हं आणि आकडे) सपाट बसतात आणि वॉश हवा तिथेच थांबतो. मॅट पृष्ठभाग टीपकागदासारखा सगळा वॉश पिऊन घेतो. तुमचं मॉडेल सगळीकडून तपकिरी झालं ते बहुधा यामुळेच. व्हार्निशवर ऑइल कलर, मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. टर्पेंटाइन वाळलेल्या अॅक्रिलिकला धक्का लावत नाही, त्यामुळे नको वाटलं तर ओल्या ब्रशने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. शेवटी कोरडी पूड.

यासाठी परदेशी बाटली लागत नाही. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर गावोगावच्या स्टेशनरीत मिळतात. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, येलो ऑकर आणि पांढरा, एवढ्यात सेंच्युरियन होतो. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. टर्पेंटाइन हार्डवेअरच्या दुकानातलं चालतं, पण एनसी थिनर चुकूनही आणू नका, प्लॅस्टिक वितळेल. टर्पेंटाइनही न रंगवलेल्या, ताण असलेल्या भागावर साचू देऊ नका. चाकांचे आस त्यामुळे तडकतात. खिडक्या उघड्या ठेवा.

वॉश सगळीकडे फिरवायचा नाही. शून्य नंबरचा ब्रश पातळ बर्न्ट अंबरमध्ये बुडवा आणि टोक फक्त बोल्टच्या मुळाशी, बिजागरीला, जोडाच्या खाचेला टेकवा. रंग स्वतःच खाचेतून पळत जातो. पंधरावीस मिनिटांनी बाहेर सांडलेलं ओलसर ब्रशने पुसा. उभ्या बाजूंवर येलो ऑकर आणि पांढऱ्याचे अगदी बारीक ठिपके द्या, मग टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या सपाट ब्रशने वरून खाली, नेहमी वरून खाली, ओढा. पावसाने आणि दवाने धूळ ओघळते तशा रेषा उमटतात. मला या कामातला हा टप्पा सगळ्यात आवडतो. एकाच हिरव्या पत्र्याला पाहता पाहता वय येतं.

गंजाबद्दल माझं मत ठाम आहे : लढाऊ रेजिमेंटच्या रणगाड्यावर गंज फार कमी दाखवा. जवान रोज त्याची देखभाल करतात, तो पडून राहिलेला भंगार नाही. जाड चिलखताचा रंग उडाला की खाली प्रायमर किंवा गडद तपकिरी पोलाद दिसतं, चांदी दिसत नाही. कडांवरचा चंदेरी रंग झाकून टाका. गंज खरा येतो तो पातळ पत्र्याला आणि तापणाऱ्या भागाला. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना असतात. तिथे बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर मनसोक्त वापरा, नळीच्या तोंडाशी काजळी द्या. मडगार्डवरच्या सामानाच्या पेट्या पत्र्याच्या, त्यांचे कोपरे थोडे खरचटलेले, किंचित वाकलेले दाखवा. टवक्यांसाठी पॅकिंगच्या स्पंजचा तुकडा फाडा, गडद तपकिरीत बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि हलका टेकवा. ब्रशने काढलेले टवके एकसारखे येतात, स्पंजचे येत नाहीत.

आणि टवके माणसांच्या मागे ठेवा. सेंच्युरियनमध्ये चौघे. चालक पुढे उजवीकडे, टरेटमध्ये कमांडर आणि गनर उजव्या बाजूला, लोडर डावीकडे. ते कुठे पाय ठेवून चढतात, कोणतं झाकण रोज उघडतं, गोळे आत देताना कुठे घासतात, तिथे रंग झिजणार. टरेटच्या पाठीमागच्या ज्या कोपऱ्याला कुणाचा हातच लागत नाही, तो तसाच राहू द्या. ही कोरी राहिलेली जागाच बाकीच्या झिजेला खरेपणा देते.

इंधनाच्या झाकणाभोवतीही विचार करा. याचं रोल्स-रॉइस मेटिऑर इंजिन पेट्रोलचं होतं. पेट्रोल सांडलं की उडून जातं आणि जाताना तिथली धूळ धुऊन नेतं, त्यामुळे डाग आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि जरा गडद दिसतो. डिझेलसारखा चिकट, धूळ धरून ठेवणारा काळा ओघळ इथे काढू नका.

चिखलासाठी इंटरनेटवरची दुसऱ्यांची मॉडेलं बघू नका. ती बघून आपण नकलेची नक्कल करतो. रस्त्यावर काम करणारा जेसीबी बघा, आणि पट्ट्यावर चालणारा पोकलेन तर बघाच. किंवा गळिताच्या हंगामात ऊस वाहणारा ट्रॅक्टर. चाकाच्या मध्याशी वाळलेला फिकट थर, कडेला ताजा गडद चिखल, मडगार्डखाली साचलेली ढेकळं, मागच्या पत्र्यावर उडालेले शिंतोडे. मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालयही जरूर बघा, १९९४ पासून ते सुरू आहे. पण तिथल्या गाड्या निगुतीने रंगवून ठेवलेल्या आहेत, म्हणून त्या आकार, जाडी आणि वेल्डिंग समजून घेण्यासाठी. चिखल पोकलेनकडून शिका.

साहित्य असं : सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या (ऑइल पेस्टल नको) वॉटर पेपरवर घासून पूड करा. बदामी, राखाडी, थोडी तपकिरी. धुळीसाठी ही पूड मऊ ब्रशने कोरडीच टेकवा आणि कडेला टर्पेंटाइनचा थेंब सोडा. वाळल्यावर ती धरून राहते. चिखलासाठी त्याच पुडीत चिमूटभर प्लॅस्टर आणि अॅक्रिलिक मॅट मिडियम घालून लापशी करा. आधी फिकट, कोरडा थर स्कर्टच्या खालच्या तिसऱ्या भागात आणि चाकांवर. तो वाळला की जरा गडद मिश्रण, पण कमी जागेत, अगदी खाली. शेवटी सगळ्यात गडद, त्यात चकचकीत व्हार्निश, फक्त ट्रॅकजवळ थोडं. तोच नदीचा ओला चिखल. शिंतोडे उडवायचे तर ब्रश मिश्रणात बुडवून काडीवर आपटा, आधी कागदावर करून बघा. सेंच्युरियनचं दातेरी चाक मागे असतं, त्यामुळे मागच्या पत्र्यावर आणि मागच्या मडगार्डवर चिखल जास्त.

ट्रॅक काळे रंगवू नका, गडद राखाडी-तपकिरी द्या आणि खाचांत तीच माती भरा. जमिनीला टेकणारे उंचवटे आणि आतले दात सतत घासून उजळतात. तिथे चंदेरी रंगाऐवजी ६बी पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन चोळा. शिशाची चमक पोलादासारखी मंद येते. दातेरी चाकाच्या दातांनाही तेच. रोडव्हील्सना (ट्रॅकवर चालणाऱ्या मोठ्या चाकांना) रबराची धाव असते, तिथे चमक नको, नुसती धूळ.

मॅट व्हार्निश पुडीच्या आधी द्या. पुडीवर फवारलं तर निम्मी धूळ नाहीशी होते. कॅनमधलं व्हार्निश पावसाळी दमट हवेत फवारू नका, विशेषतः मुंबई-कोकणात असाल तर. पृष्ठभागावर पांढुरकी धूसर साय धरते आणि ती काढणं कठीण असतं. तोवर ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वापरा, नाहीतर कोरड्या हवेसाठी थांबा.

तुमच्या आत्ताच्या मॉडेलचं काम या क्रमाने करा : कडांवरच्या चंदेरीवर मूळ हिरवा, वरच्या भागांवर फिकट हिरवा, चकचकीत व्हार्निश, मग खाचांपुरता वॉश. तिथे थांबून एक फोटो टाका. टवके कुठे द्यायचे ते त्या फोटोवर खुणा करून सांगतो.