चेनसॉचा स्क्रू सारखा ढिला होतो? आधी स्प्रिंग बघा

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच हे होतं. फक्त स्क्रूवर गोंद ओतू नका!

आधी बघा, कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूंपैकी फिरतोय कोणता. बहुतेकदा एलए किंवा टी लिहिलेला, म्हणजे आयडलचा (ट्रिगर न दाबता इंजिन किती वेगाने चालेल ते ठरवणारा) असतो. त्याला धरून ठेवते ती मागची बारीक स्प्रिंग. इंजिन बंद करून स्क्रू आत किती वेढे जातो ते मोजा, मग बाहेर काढा. स्प्रिंग बसकी झाली असेल तर बदला. जुनी नमुन्याला घेऊन इंदूरच्या सियागंज बाजारात जा, नुसतं वर्णन करून तिथे डोकं खाल्लं जातं.

नव्यांच्या दोन चुका:
- एच आणि एल (जास्त आणि कमी वेगाला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारे स्क्रू) जोरात आवळणं. त्यांचं सुईसारखं टोक खराब होतं. शिवाय एच फार आत गेला की पेट्रोल कमी पडतं, आणि चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. माझं पहिलं मशीन असंच सीझ झालं (आतून जाम झालं), पावसात पडलेला गुलमोहर कापताना.
- स्क्रू ढिला करणारी थरथर कुठून येते हे न बघणं. बोथट चेन, कार्ब्युरेटरचे ढिले नट, फाटलेले रबर माउंट.

बसवल्यावर स्क्रू आणि बॉडीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा, हलला की लगेच कळेल. आयडलला चेन फिरत असेल तर काम बंद. एच-एलचं ट्यूनिंग नंतर बघू.