डोंगरातल्या सामूहिक उन्हाळी कलानिवासाला जावं का? तयारी काय करावी?

जरूर जा. कलानिवास म्हणजे काही कलाकारांनी थोडे दिवस एकत्र राहून आपापलं काम करणं. मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्र्यंबकेश्वरच्या पुढे, हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर बारा दिवस राहिले. आम्ही नऊ जण, दोन खोल्या, एक ओसरी आणि एक चूल.

सगळ्यात आधी पाण्याचा विचार करा. पावसाळ्यात त्या भागात धो-धो कोसळतो, पण मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे डोक्यावर घेऊन चढण चढतात. ते रोज दिसत असताना ब्रश वाहत्या पाण्याखाली धरवत नाही. आधी चिंधीने रंग पुसायचा, मगच बुडवायचा. एक तांब्या दिवसभर पुरतो. हवा इतकी कोरडी असते की जलरंगाचा हात फिरवेपर्यंत कडा वाळलेल्या असतात. म्हणून मी पहाटेपासून नऊपर्यंतच रंगवायचे, दुपारी ओसरीवर पेन्सिल.

स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना असते, ती टाळू नका. शेजारच्या आजींनी मला नागलीची भाकरी थापायला शिकवली, आणि माझी सगळ्यात चांगली रेखाटनं त्यांच्या हातांचीच आहेत. (अर्थात, त्यांना विचारून काढलेली.)

रात्री प्रत्येकाने दिवसभराचं काम कंदिलापाशी मांडायचं. पहिले तीन दिवस मी वही उघडलीच नाही. चौथ्या दिवशी उघडली, तेव्हा कुणी वाहवा केली नाही, फक्त एकाने विचारलं, "इथे सावली का थांबवलीस?" असा प्रश्न मला शहरात कुणी विचारला नव्हता.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर, एसटी मिळते. वळवाचा पाऊस अचानक येतो, कागदांसाठी जाड प्लास्टिक न्या.