फुंकायच्या टेस्टचा कागद कसा वाचायचा

पीएफटीचे, म्हणजे फुफ्फुसांचं काम मोजणाऱ्या टेस्टचे, रिपोर्ट पाठवून ‘याचा अर्थ काय?’ असं विचारणारे बरेच प्रश्न आलेत. बहुतेक रिपोर्टांच्या खाली मशीनने एक इंग्रजी ओळ छापलेली असते आणि घरचे त्या ओळीनेच हादरलेले असतात. मी ती ओळ सगळ्यात शेवटी वाचतो. पेशंट काय सांगतो ते आधी, मग आलेख, मग आकडे.

प्रश्न : आईचं वय ५८, रावेर तालुक्यात राहते. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलं. चढ आला की दम लागतो, सकाळी खोकला असतो. पीएफटीत ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’ आलंय. म्हणजे फुफ्फुसं आक्रसलीत का?

ताई, तुम्ही रिपोर्टाची सगळी पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. पहिल्या पानावर एफव्हीसी १.५८ लिटर, म्हणजे अपेक्षेच्या ६४ टक्के. एफईव्ही१ १.३० लिटर, म्हणजे ६६ टक्के. दोन्हींचं गुणोत्तर ०.८२. छाती पूर्ण भरून शेवटपर्यंत फुंकलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही१. एकूण हवा कमी पण गुणोत्तर चांगलं, एवढं दिसलं की मशीन ‘रिस्ट्रिक्शन’ छापून मोकळं होतं.

आता दुसरं पान बघा. तीन फुंकांची एफव्हीसी १.५८, १.३१ आणि १.१२. सर्वांत मोठ्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, इथे तो २७० आहे. फुंकण्याचा वेळ जेमतेम २.१ सेकंद. आलेखाची रेघ वर चढत असतानाच तुटलीय, ती सपाट झालेलीच नाही. एका फुंकेत तर पहिल्याच सेकंदात खोकल्याचा खळगा दिसतो. म्हणजे आईंनी हवा संपायच्या आधीच फुंकणं सोडलं.

श्वासनळ्या अरुंद झालेल्या माणसाची हवा हळूहळू, कधी दहा-बारा सेकंदही येत राहते. मध्येच थांबलं की एकूण हवा खोटी कमी दिसते आणि गुणोत्तर खोटं चांगलं. समजा आई नेटाने फुंकत २ लिटरपर्यंत गेल्या असत्या, तर १.३० भागिले २, म्हणजे गुणोत्तर ०.६५ आलं असतं. मग त्याच आईंचा रिपोर्ट ‘ऑब्स्ट्रक्शन’, म्हणजे श्वासनळ्यांत अडथळा, म्हणाला असता आणि विचार चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराकडे, वळला असता. त्याचे उपचार वेगळे आहेत, म्हणून मी एवढा जीव तोडून सांगतोय.

शिवाय फुफ्फुसं खरोखर लहान झालीत की नाही, हे नुसतं फुंकून ठरतच नाही. फुंकल्यावर आत उरलेली हवाही मोजावी लागते. ती सोय बॉडी प्लेथिस्मोग्राफीसारखी यंत्रं असलेल्या मोठ्या केंद्रांतच असते. अपेक्षित आकडे वय-उंचीवरून समीकरणाने काढतात, रिपोर्टाच्या कोपऱ्यात कोणतं समीकरण वापरलं तेही पाहा. मशीनमध्ये युरोपीय लोकांची समीकरणं असतील तर आपली धडधाकट माणसंही कमी भरतात. आईंच्या पाठीला बाक आला असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप घ्यायला सांगा.

खोकला दोन आठवड्यांहून जुना आहे, म्हणून आधी एक्स-रे आणि थुंकीची टीबी तपासणी करा, मग टेस्ट पुन्हा करा. स्पेसरमधून (पंपाला लावायच्या नळकांड्यातून) सालब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या पंपाचे, चार पफ देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकून घ्या. आत जाताना सोबत कुणी तरी असू द्या. ‘अजून, अजून, सोडू नको’ हे घरच्या बोलीत, लेवा बोलीत सांगितलं तर आई जास्त जोर लावतील. चांगल्या फुंकेतला निम्मा वाटा टेक्निशियनच्या आवाजाचा असतो.

प्रश्न : मी शिरपूर भागात फॅमिली डॉक्टर आहे. पेशंट ३४ वर्षांचा, रात्री छातीत घरघर, गहू काढायच्या दिवसांत जास्त. स्पायरोमेट्री (हीच फुंकायची टेस्ट) नॉर्मल. पंपानंतर एफईव्ही१ २.८० वरून ३.०५ झाला. दमा नाही असं समजू का?

नाही, डॉक्टर. दमा येतो-जातो, त्यामुळे दोन झटक्यांच्या मधल्या काळात रिपोर्ट नॉर्मल येणं नेहमीचंच आहे. पंपाने २५० मिलिलिटर, म्हणजे जवळपास ९ टक्के वाढ झालीय. जुन्या, २००५ च्या निकषात १२ टक्के आणि २०० मिलिलिटर दोन्ही लागत. नव्या निकषात पेशंटच्या अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ लागते. तुमच्या पेशंटचा अपेक्षित एफईव्ही१ ३.३० आहे, त्याच्या हिशोबाने वाढ ७.६ टक्केच. दोन्ही निकषांत तो बसत नाही, पण त्याने दमा खोडला जात नाही.

त्या दिवशी सकाळी त्याने पंप घेतला होता का, हे आधी विचारा. सालब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉलचा पंप २४ तास आधी थांबवलेला असावा लागतो. तोही तुम्ही सांगितल्यावर आणि त्याला झेपत असेल तरच. मग फुंकेचा जोर मोजणारा साधा पीक फ्लो मीटर हातात द्या आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहायला सांगा. रोजचा चढ-उतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त असला तर दम्याची बाजू भक्कम होते. मळणीच्या धुळीत घरघर सुरू असतानाच स्पायरोमेट्री जमली तर उत्तमच. त्याच्या रिपोर्टात ‘स्मॉल एअरवे डिसीज’ असंही छापलंय. ते एफईएफ २५-७५, म्हणजे फुंकेच्या मधल्या टप्प्यातला हवेचा वेग, या एकट्या आकड्यावरून आलंय. तो आकडा माणसागणिक आणि फुंकेगणिक फार हलतो, त्यावर औषध सुरू करू नका.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, अमळनेर, वय ७६. विडी-सिगारेट कधीच नाही, रोज फिरतो, दम लागत नाही. मोफत शिबिरात गुणोत्तर ०.६७ आलं आणि सीओपीडी सांगितला.

गुरुजी, गुणोत्तर ०.७० च्या खाली म्हणजे अडथळा, ही रेघ सगळ्या वयांना एकच लावली जाते. वयाबरोबर हे गुणोत्तर आपोआप उतरतं. तुमच्याच कागदावर एलएलएन, म्हणजे तुमच्या वयाची खालची मर्यादा, ०.६४ छापलीय. तुम्ही तिच्या वर आहात. शिबिरात पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं नव्हतं, त्यामुळे सीओपीडीचा शिक्का मारताच येत नाही. वर्षभराने परत करू. तरुणांच्या बाबतीत उलटी चूक होते : ०.७२ नॉर्मल वाटतं, पण पस्तिशीत ते कमी असू शकतं.

प्रश्न : धरणगाव भागात जिनिंगमध्ये रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, काम करतो. सुट्टीनंतर कामावर गेलो की पहिल्या दिवशी छाती जखडते. ‘माले दम लागस’ म्हणून सांगतो, पण रिपोर्ट नॉर्मल आला.

भाऊ, रिपोर्टावर तारीख जूनची आहे. त्या वेळी तुमची जिनिंग बंद होती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची हीच खूण असते : सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास, सुरुवातीला पुढच्या दिवसांत आराम, आणि वर्षं गेली की तो आराम कमी होत जातो. हंगामात टेस्ट करा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीवर जाण्याआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा, त्याच मशीनवर. एफईव्ही१ पाळीनंतर दर वेळी ५ टक्के किंवा जास्त घसरत असेल तर रिपोर्ट नॉर्मलच्या हद्दीत असला तरी तो नॉर्मल धरू नये. विडी ओढत असाल तर आजच सोडा, धूळ आणि धूर मिळून नुकसान वाढवतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या (तो २०२५ पर्यंत लागू होता) परिशिष्टात हा आजार नोंदवलेला होता, त्यामुळे डॉक्टरांना तुमचं काम काय ते स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आरोग्यसेविका आहे. सिकलसेलची २६ वर्षांची रुग्ण, हिमोग्लोबिन ८. सुरतला तपासणी झाली. स्पायरोमेट्री नॉर्मल, पण डीएलसीओ ६२ टक्के. फुफ्फुसं खराब झालीत का?

डीएलसीओमध्ये फुफ्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते मोजतात, आणि तो वायू धरून ठेवतं हिमोग्लोबिन. तेच कमी असलं की आकडा आपोआप पडतो. बाईचं हिमोग्लोबिन ८ धरून दुरुस्ती केली तर ६२ चे साधारण ७९ टक्के होतात. रिपोर्टात ही दुरुस्ती केलेली दिसत नाही, हिमोग्लोबिनची जागा कोरीच आहे. सातपुड्यातल्या कुठल्याही पेशंटला डीएलसीओसाठी पाठवताना त्याच दिवसाचं हिमोग्लोबिन चिठ्ठीवर लिहून द्या.

पण एवढ्यावर निश्चिंत राहू नका. सिकलसेलमध्ये फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढू शकतो, आणि तेव्हाही स्पायरोमेट्री नॉर्मल राहून डीएलसीओ उतरतो. तिला चालताना दम लागत असेल तर हृदयाची इको करून घ्या. बसून आणि चालून, दोन्ही वेळचा ऑक्सिजन मोजून ठेवा. आणि ताप, छातीत दुखणं आणि दम एकत्र आले तर कुठल्याही टेस्टची वाट न पाहता १०८ ला फोन करून तिला थेट रुग्णालयात हलवा.