जर्मन तत्त्वज्ञानात स्पेशलायझेशन करून राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता येईल का?

तुम्ही सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, विषय राज्यशास्त्र आहे, कांट-हेगेल वाचायला आवडतात आणि त्यातच करिअर होईल का, असं विचारलंय. होईल. पण ‘हेगेलचा अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. जागा निघते ती ‘सहायक प्राध्यापक, राज्यशास्त्र’ अशी. रुजू झाल्यावर संविधान, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध हे पेपर वाट्याला येतात, पाश्चात्त्य राजकीय विचार एखादाच. त्यामुळे नोकरीची पात्रता आणि स्पेशलायझेशन यांची तयारी वेगवेगळी, पण एकाच वेळी करावी लागते. सगळ्यांत जास्त वर्षं खाते ती जर्मन भाषा, म्हणून ती आधी.

जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्यूलर भवनच्या हिशेबाने बी-२ पातळी (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात) गाठायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. एम.ए. सांभाळून हे तीन-चार वर्षांचं काम धरा. ए-१, ए-२ चे वर्ग ऑनलाइन होतात. परीक्षेपुरतं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येता येतं. गळती होते ती ए-२ नंतर. तेव्हाच एम.ए.चं दुसरं वर्ष आणि नेटचा (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) अभ्यास डोक्यावर बसलेला असतो, क्लास सुटतो आणि शब्द भराभर विसरले जातात. क्लास थांबला तरी वाचन थांबवू नका. बी-१ अर्धं झालं की कांटचा ‘प्रबोधन म्हणजे काय?’ हा १७८४ चा लेख घ्या. अकादमी आवृत्तीच्या (कांटच्या समग्र लेखनाच्या प्रमाण जर्मन आवृत्तीच्या) आठव्या खंडात तो पान ३५ ते ४२ वर आहे आणि मूळ जर्मन इंटरनेटवर फुकट मिळतो. शेजारी इंग्रजी भाषांतर ठेवून रोज अर्धं पान, बस्स. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याची सवय आपल्याला मराठीमुळे आधीच असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. हेगेलला मात्र बी-२ च्या आधी हात लावू नका. उगाच हिंमत खचते.

दुसरी गोष्ट मजकुराच्या शिस्तीची. ‘राज्य म्हणजे ईश्वराची पृथ्वीवरील वाटचाल’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या प्रत्येक गाईडमध्ये असतं. हेगेलच्या हक्कविषयक ग्रंथात (मुखपृष्ठावर १८२१) ते शोधायला गेलात तर परिच्छेद २५८ च्या पुरवणीत सापडेल. या ग्रंथाचे तीन थर आहेत: क्रमांक दिलेला मूळ परिच्छेद, त्याखाली हेगेलने स्वतः लिहिलेली टीप आणि त्याखाली पुरवणी. ही पुरवणी हेगेलच्या हातची नाही. १८३१ मध्ये तो वारल्यावर त्याचा शिष्य एडुआर्ड गान्स याने १८३३ च्या आवृत्तीत होथो आणि ग्रीसहाइम या विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या वह्यांवरून ती जोडली. गरिबी कशी दूर करायची हा प्रश्न आधुनिक समाजाला छळतो, हे सतत उद्धृत होणारं वाक्यही परिच्छेद २४४ च्या पुरवणीतलंच. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण संदर्भ देताना ‘पुरवणी’ असं लिहायचं आणि निव्वळ तिच्यावर अख्खं प्रकरण उभं करायचं नाही. जाणकार बहिःस्थ परीक्षक व्हायवात पहिला प्रश्न इथेच टाकतो.

संदर्भाची पद्धतही ठरलेली आहे. हेगेलसाठी परिच्छेद क्रमांक, कांटसाठी अकादमी आवृत्तीचा खंड आणि पान. कांटचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा ग्रंथ याला अपवाद: तिथे १७८१ ची आवृत्ती ए आणि १७८७ ची बी म्हणायची आणि त्या अक्षरापुढे तिचं पान द्यायचं. चांगल्या इंग्रजी भाषांतरांत हे आकडे समासात छापलेले असतात. तुमच्याकडच्या पेपरबॅकचा नुसता पान क्रमांक दिलात, तर दुसऱ्या आवृत्तीवाल्याला तो उतारा सापडणारच नाही.

विषय निवडताना सगळे एकाच खड्ड्यात पडतात: ‘हेगेलचे राज्यविषयक विचार : एक चिकित्सक अभ्यास’. यात प्रश्नच नाही. त्याऐवजी हे पाहा. परिच्छेद २४५ मध्ये हेगेल म्हणतो की संपत्ती ओसंडत असूनही नागरी समाज गरिबी रोखण्याइतका श्रीमंत नसतो. पुढे २५० ते २५६ मध्ये तो कॉर्पोरेशनबद्दल, म्हणजे व्यवसायांच्या संघांबद्दल बोलतो. हे त्या गरिबीवरचं उत्तर आहे का? असेल तर रोजंदारीवरच्या माणसाचं काय, त्याला तर २५२ मध्ये सभासदापासून वेगळा काढलाय. हा प्रबंधाचा प्रश्न झाला. तुम्हाला लगेच सोलापूरच्या बंद गिरण्या आणि विडी कामगार आठवतील. तो मोह आवरा. आधी हेगेलचा युक्तिवाद सोडवा. गिरण्यांवर वेगळा मराठी लेख लिहून ‘परामर्श’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिके’कडे पाठवा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नका, पुढे तेच अंगाशी येतं.

पात्रतेचं थोडक्यात: एम.ए.ला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५०), मग नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा). नेटमध्ये दोन पेपर मिळून ३०० गुण, वेळ तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. जेआरएफसाठी खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३०. सेटला फेलोशिप नसते, पण वयाची अटही नसते. जेआरएफ हुकली तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पीएच.डी.साठी गाईड शोधताना नाव पाहण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा: प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ विद्यार्थी एवढीच मुभा आहे. जर्मन येणारा गाईड जवळपास मिळाला नाही, तर तत्त्वज्ञान विभागातला सहमार्गदर्शक मागून घ्या. नियमात ते बसतं.

जर्मनीत पीएच.डी.ला सहसा प्रवेश परीक्षा नसते. आधी प्राध्यापक राजी व्हावा लागतो आणि तो राजी होतो पाच-सहा पानी आराखड्यावर. त्यात वरच्यासारखा नेमका प्रश्न असला तरच उत्तर येतं. सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटला सहसा शिक्षणशुल्क नसतं, खर्च राहण्याचा. विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून ते आधी काढा. डाड (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) हिच्या शिष्यवृत्तीसाठी शेवटची पदवी सहसा ६ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तेव्हा एम.ए. करून तासिका तत्त्वावर पाच-सात वर्षं घालवून मग अर्ज करू, असा बेत असेल तर तो आत्ताच बदला.