धाकटीला ब्लड कॅन्सर आहे, थोरल्याला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय, धाकटीची केमो मुंबईत चालू आहे, नऊ वर्षांचा थोरला गावी आजीकडे आहे, शाळेत त्याचं लक्ष नाही पण तो काहीच विचारत नाही, मग सांगायलाच हवं का? सांगायलाच हवं. कॅन्सर हा शब्द वापरूनच सांगा.

१९९९ साली मीही नऊ वर्षांची होते, भाऊ पाचचा. भांडणात मी त्याला ओट्यावरून ढकललं. मांडीवर हे एवढं काळंनिळं झालं. आठवड्याभरात आई-बाबा त्याला घेऊन परळला हॉस्पिटलात गेले आणि मला कराडला आत्याकडे ठेवलं. आत्या म्हणाली, "बाळाला ताप आहे." पण शेजारच्या काकूंशी ती दबक्या आवाजात बोलायची, त्यात "अंगावर डाग" एवढं मी ऐकलं होतं. मी ढकललं, डाग पडला, डागाचं दुखणं झालं, असं माझ्या मनाने घेतलं. आई दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्याला घेऊन राहत होती. रविवारी फोन आला की विचारायची, "अभ्यास करतेस ना?" मी हो म्हणायचे. दिवाळीत तो घरी आला, डोक्यावर केस नाहीत. मी त्याच्या जवळसुद्धा गेले नाही, पुन्हा डाग पडतील म्हणून. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "हिला भावाची मायाच नाही."

पुढच्या मे महिन्यात तपासणीला मला सोबत नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला विचारलं, "तुला काही विचारायचंय?" मी विचारलं, "मी ढकललं म्हणून झालं का?" त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. आजार आधीच झाला होता, रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी झाल्या होत्या, म्हणून जरा लागलं तरी डाग पडत होते. हे सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. तोवर आई भिंतीकडे तोंड करून रडत होती.

आत्या अजून म्हणते, "लेकरांना कशाला सांगायचं, उगाच जिवाला घोर." घोर मला वर्षभर होताच, तिला दिसला नाही. समजा पुढे बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, बदलायची वेळ आली (सगळ्यांना लागत नाही), तर आधी सख्ख्या भावंडाचं रक्त तपासतात, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तेव्हा सुई टोचताना पहिल्यांदा सांगणार का?

त्याला मुंबईला आणा, पण धाकटीचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) खाली असतील किंवा त्याला सर्दी-खोकला असेल तेव्हा नको. वर्गात कांजिण्या आल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. वर्गशिक्षकांना घरचं कळवा. माझा भाऊ बरा झाला, म्हणून मला हे बोलणं सोपं जातंय, हेही खरं.

या रविवारी फोनवर अभ्यासाचं राहू द्या. मुंबईला निघण्याआधी बहिणीशी शेवटचं भांडण कशावरून झालं होतं, ते त्याला विचारा.